'गॉटन'वरची लाल रेघ

अमेरिकेतल्या न्यू जर्सीहून इंग्लंडमधल्या यॉर्कला आल्यापासून लेकीच्या वहीत लाल रेघा वाढल्यात. 'कलर'मधल्या गाळलेल्या 'यू'चं मी समजू शकते. पण परवा 'इट हॅड गॉटन डार्क'वर काट मारून बाईंनी शेजारी लिहिलं, हे अमेरिकन आहे. 'गेट'चं हे रूप इथे चालत नाही, 'गॉट' म्हणायचं. तिथे माझं डोकं फिरलं.

अहो, 'गेट' मुळात इंग्रजांचं तरी कुठे आहे? नॉर्स या जुन्या स्कँडिनेव्हियन भाषेतल्या 'गेटा'वरून ते आलं, व्हायकिंगांच्या तोंडून. आणि हे यॉर्क 866 साली व्हायकिंगांनीच जिंकलं होतं. (इथल्या स्टोनगेट, कॉपरगेटमधलं 'गेट' वेगळं, ते म्हणजे रस्ता. तटाच्या दरवाजांना म्हणायचं 'बार'! पाहुण्यांना समजावताना माझी दमछाक होते.) 1611च्या किंग जेम्स बायबलमध्ये पहिला मुलगा झाल्यावर ईव्ह, म्हणजे बायबलमधली पहिली स्त्री, 'आय हॅव गॉटन अ मॅन' असंच म्हणते. इथून अमेरिकेला गेलेल्यांबरोबर 'गॉटन'ही गेलं. तिथे टिकलं, इथे मागे पडलं. 'फरगॉटन' नि 'इल-गॉटन' मात्र यांना अजून चालतात! परगावी वाढलं म्हणून घरचंच पोर परकं.

शिवाय अमेरिकन लोक दोन्ही रूपं ठेवून आहेत. 'आय हॅव गॉट अ कार' म्हणजे गाडी आहे, 'गॉटन' म्हटलं की गाडी मिळवली, घेतली. एवढा नेमका फरक का सोडायचा?

मी स्वतः 'गॉटन' म्हणत नाही. पाचवीपासून 'गेट-गॉट-गॉट' घोकलंय. नवरा विचारतो, मग तू कशाला भांडतेस? तत्त्व म्हणून! आणि तिकडे असताना घरी मराठीचा आग्रह न धरता तिला तेच इंग्रजी बोलू दिलं. ते आता कुणी चूक ठरवलं की झोंबतं.

'गेट'ला किती अर्थ, याचं यांना केवढं कौतुक! मिळणं, होणं, पोचणं, समजणं. आपलं 'लागणं' बघा म्हणावं. भूक लागते, नोकरी लागते, ठेच लागते, निकाल लागतो, वेड लागतं.

"आई, बस लागली म्हणजे उलटी झाली की बस स्टँडवर आली?"

दोन्ही, बाळा.

बाईंना ईव्हच्या वाक्यासकट ईमेल केली. उत्तर गोड आलं: फारच इंटरेस्टिंग, पण वर्गात 'गॉट'च. पुढच्या निबंधात लेकीने 'हॅड बिकम डार्क' लिहिलं आणि मोकळी झाली.