आधी जागा बघू, मग कोटेशन देऊ

आम्ही कारखान्यांना कामगारांच्या सुरक्षेची साधनं पुरवतो: हँडग्लोव्हज, मास्क, हार्नेस, इअरप्लग. पण नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत नव्वदच्या दशकात अण्णांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, दुकान टाकलं ते हार्डवेअरचं. नटबोल्ट, एमरी पेपर, कटिंग व्हील आणि एका रॅकवर कॉटनचे हँडग्लोव्हज. 'शेठ, दहा डझन पाठवा' असा फोन यायचा आणि पोऱ्या लुनावर माल टाकून निघायचा. कशासाठी हवेत हे विचारायची पद्धतच नव्हती.

धंद्याला वळण लागलं ते एका प्रेसशॉपमुळे, म्हणजे पत्रा दाबून पार्ट काढणाऱ्या कारखान्यामुळे. ग्लोव्हज एका शिफ्टमध्ये फाटतात, माल हलका देता, अशी त्यांची तक्रार. अण्णा स्वतः गेले. बघतात तर एकच ग्लोव्ह तीन ठिकाणी चाललेला. एक जण बर (कापलेल्या कडेला राहिलेली धारदार कोर) असलेला पत्रा उचलतोय, दुसरा रॉकेलमध्ये पार्ट धुतोय, तिसरा ड्रिल मशीनवर उभा. पत्र्याला कट-रेझिस्टंट, म्हणजे धारेने सहज न कापला जाणारा हवा, रॉकेलला नायट्राइल, म्हणजे तेलाला टिकणाऱ्या रबराचा. आणि ड्रिलवर तर ग्लोव्हच नको, कारण फिरत्या बिटात धागा अडकला की बोटही सोबत जातं. ऑर्डर मोठी होण्याऐवजी छोटी झाली. अण्णा मात्र त्या दिवसापासून फोनवर डझन लिहून घेईनासे झाले.

आज आमच्याकडचा माणूस आधी तुमच्या शॉपमध्ये फिरतो. कच्चा माल गेटमधून येतो तिथून सुरुवात, डिस्पॅचपर्यंत. कुठे काय उडतं, काय सांडतं, कोण कशाखाली उभा राहतो, हे तो मशीनगणिक लिहितो. सुपरवायझरपेक्षा हेल्परशी जास्त बोलतो. वेल्डरला काच असते. त्याला जॉब धरून देणाऱ्या पोराला नसते, आणि रात्री डोळ्यांना वेल्डिंग लागून तळमळतो तो हाच.

मग पहिला प्रश्न: हा धोका मुळातच काढता येईल का? पत्र्याचा बर आधीच्या स्टेजला काढला, ग्राइंडरला गार्ड बसवला, थिनरच्या टाकीवर एक्झॉस्ट लावला, तर आमचा निम्मा माल लागतच नाही. हे ऐकून काही जण चमकतात, 'तुम्ही विकायला आलात की बंद करायला?' पण अंगावर चढवायची साधनं हा शेवटचा उपाय. ती धोका हटवत नाहीत, फक्त माणूस आणि धोका यांच्यामध्ये उभी राहतात.

निवडीत गोंधळ सर्वांत जास्त मास्कचा. धुळीचा मास्क थिनरची वाफ अडवत नाही. तिथे ऑरगॅनिक व्हेपरचं कार्ट्रिज, म्हणजे अशी वाफ शोषणारी मास्कची डबी लागते. दिंडोरीकडच्या वायनरीत तेही कामाचं नाही. द्राक्षाचा रस आंबताना कार्बन डायऑक्साइड सुटतो, हवेपेक्षा जड असल्यामुळे टाकीत तळाशी साठतो. वास नाही, रंग नाही. कार्ट्रिज हवा गाळतं, ऑक्सिजन तयार करत नाही. तिथे आधी गॅस मीटर, हवा खेळती करणं, बाहेर पहाऱ्याला माणूस. आणि तरीही आत उतरायचंच असेल तर बाहेरून हवा पुरवणारा सेट. निव्वळ मास्कची ऑर्डर अशा जागी आम्ही घेत नाही.

हार्नेसचंही तेच. जुन्या शेडच्या सिमेंटच्या पत्र्यांवर चढणारा ठेकेदार हार्नेस, म्हणजे पडताना माणसाला दोरीवर धरून ठेवणारा अंगावरचा पट्टा मागतो. पण दोरी 1.8 मीटर, शॉक अ‍ॅब्सॉर्बर (पडताना उलगडून झटका कमी करणारा भाग) पूर्ण उघडला की आणखी पावणेदोन मीटरपर्यंत, त्यात माणसाची उंची. पाच मीटरच्या शेडवर हुक पायाशी अडकवला तर पडणं पूर्ण थांबायच्या आत तो फरशीवर. म्हणून आधी अँकर, म्हणजे हुक अडकवायची पक्की जागा कुठे, ते बघतो. पत्र्यावर चालायला फळ्या आणि खाली जाळी हे बऱ्याचदा स्वस्तही पडतं.

अंबडच्या स्विचगिअर (विजेचे स्विच, ब्रेकर) असेंब्लीत बहुतेक ताया. तिथे वर्षानुवर्षं दहा नंबरचे ग्लोव्हज जायचे. बोटांची टोकं रिकामी, स्क्रू हातात येईना. मग त्या ग्लोव्ह काढून टेबलावर ठेवायच्या आणि ऑडिटच्या दिवशी घालायच्या. तळव्याचा घेर टेपने मोजला तर बहुतेकींना सात नंबर लागत होता. परचेसवाले म्हणाले, 'दोन साइज ठेवायच्या म्हणजे स्टोअरला कटकट.' ताईंनीच भांडून घेतले.

इअरप्लगचा डेमो आम्ही प्रत्येकाकडून करून घेतो. आठ तासांच्या शिफ्टला 90 डेसिबल ही मर्यादा, आणि पॉवर प्रेस ती सहज ओलांडतो. फोमचा प्लग वळून बारीक करायचा, दुसऱ्या हाताने कान वर ओढायचा, मग आत सारून फुगेपर्यंत धरायचा. बहुतेक जण बुचासारखा नुसता टेकवतात.

आम्हाला बोलवाल तेव्हा शिफ्ट चालू असताना बोलवा. रविवारी बंद मशीन बघून काही कळत नाही. केमिकल वापरत असाल तर पुरवठादाराकडून त्याची सेफ्टी डेटा शीट, म्हणजे त्या केमिकलचे धोके आणि काळजी लिहिलेला कागद मागून ठेवा. पाहणीचे पैसे वेगळे लागतात, माल आमच्याकडूनच घ्या अशी अट नाही.