कर्णावरचे आकडे

एम.एस्सी. बॉटनीच्या प्रोजेक्टला मी एकाच जातीतल्या रोपांची आपसातली स्पर्धा हा विषय घेतला, तेव्हा घरच्यांना वाटलं आता पावसाळाभर ही कासलाच पडीक असणार. प्रत्यक्षात बराचसा वेळ गेला साताऱ्यातल्या खोलीवर, लॅपटॉपसमोर.

मॅडमनी परिसंस्थांचं गणित मांडणाऱ्या रॉबर्ट मे यांचा १९७२ चा ‘नेचर’मधला लेख हातात ठेवला. जेमतेम दोन पानं. जाती जास्त तेवढा समुदाय पक्का, असं आपण धरून चालतो. मे यांचं गणित उलटं निघालं: जाती वाढल्या, त्यांचे एकमेकींशी संबंध वाढले, की डोलारा डळमळतो. सावरून धरतो तो प्रत्येक जातीचा स्वतःवरचा आवर, म्हणजे गर्दी झाली की आपल्याच वाढीला बसणारा लगाम. कुठल्या जातीचा कुठल्या जातीवर किती परिणाम, याचा चौकोनी तक्ता म्हणजे मॅट्रिक्स. त्यात हा आवर कर्णावर, म्हणजे कोपऱ्यातून कोपऱ्यात जाणाऱ्या तिरप्या रेषेवर बसतो.

जातींची संख्या गुणिले जोडणीचं प्रमाण (शक्य जोड्यांपैकी किती जोड्यांत खरंच संबंध आहे), त्याचं वर्गमूळ, गुणिले संबंधांची तीव्रता. हे उत्तर कर्णावरच्या आवरापेक्षा कमी हवं. मी ६४ जाती, जोडणी ०.२५ आणि तीव्रता ०.२ धरली, उत्तर ०.८. मे यांच्यासारखा कर्णावर सगळीकडे उणे १ होता, त्यामुळे स्थिर. जाती १४४ केल्या, उत्तर १.२, आणि पडद्यावरचे काही ठिपके शून्याच्या उजवीकडे गेले. हे ठिपके म्हणजे मॅट्रिक्समधून निघणारी आयगेन मूल्यं; सगळी शून्याच्या डावीकडे, म्हणजे उणे, असली तरच समुदाय स्थिर. कर्ण उणे १.५ केला, सगळे परत डावीकडे.

मग गंमत म्हणून कर्णच शून्य केला. आयगेन मूल्यांची बेरीज कर्णाच्या बेरजेइतकी असते. बेरीज शून्य, मग सगळी उणे होणार कशी? बाकीचं जाळं कसंही विणा, स्थैर्य येत नाही. बॉटनीवालीला पटेल असं गणित मला इथं पहिल्यांदा भेटलं.

पण खरा आकडा आणायचा कुठून? कासच्या सड्यावर जांभ्यावर माती पातळ. दाटीतला तेरडा किडमिडा, टोकाला दोन-चार फुलं. मोकळ्यावरचा फांद्या फुटलेला. मात्र हा फरक मातीचाही असू शकतो. रोपं उपटून बघावं, तर २०१२ पासून कासचं पठार जागतिक वारशात, हात लावायची सोय नाही. (बरंच आहे ते.) आई म्हणाली, “आम्ही ज्वारीची विरळणी करतो ती कशाला मग?”

शेवटी ट्रेमध्ये ज्वारीच पेरली, कुठं विरळ, कुठं दाट. एका मर्यादेनंतर ट्रेचं एकूण सुकं वजन फारसं वाढेना. रोपं तेवढी बारीक होत गेली. त्यावरून कर्णावरचा एक आकडा काढला. बाकीचे गृहीत धरलेत, आणि प्रबंधात तसं स्पष्ट लिहिलंय.