मुका खांब

अठ्ठावीस वर्षं मी डोंबिवलीहून फास्ट लोकलने व्हीटीला नोकरीला गेले. मधल्या काळात त्या स्टेशनचं नाव दोनदा बदललं, आमच्या तोंडातलं एकदाही बदललं नाही. लेडीज डब्यात तेव्हा काय चालायचं नाही? मटार सोलले जायचे, पालक निवडला जायचा, कुणी पोथी वाचायचं, कुणी उभ्याउभ्या झोपायचं. आणि एक क्रोशावाली होती. कल्याणहून बसून यायची, त्यामुळे खिडकी कायम तिची. गाडीने कितीही गचके दिले तरी तिची सुई चालूच.

एकदा पावसात सगळ्या खिडक्या बंद होत्या, बाहेरचं काही दिसत नव्हतं. मी तिला विचारलं, "मुलुंड गेलं का हो?" तिने मान वर केली नाही. नुसती सुई हवेत उचलली, क्षणभर धरली आणि परत खाली घेतली. मी ठाण्यापासून ताटकळत उभी, आणि हिला दोन शब्द बोलायला जड! त्या दिवशी आमच्या ग्रुपमध्ये तिचं नाव 'खडूस' पडलं, ते ती रिटायर होईपर्यंत टिकलं.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे सध्या मी स्वतःच क्रोशा शिकतेय. आमच्या इथल्या एका वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये दर शनिवारी चार ते सहा वर्ग असतो. खाली फळ्यावर खडूने लिहिलं होतं, 'प्रौढांसाठी क्रोशावर्ग'. प्रौढ म्हटलं की मला अजूनही कंदील, पाटी आणि 'ग म भ न' असं काहीतरी डोळ्यांसमोर येतं. पण नोकरी सुटल्यापासून संध्याकाळी हात उगाच मोबाइलकडे जायचे. म्हटलं, त्यांना दुसरं काहीतरी द्यावं.

आम्ही दहा जण आहोत. दोन सख्ख्या जावा आहेत. घरी एकमेकींशी फारसं बोलत नाहीत म्हणे, इथे मात्र एकाच बाकावर बसतात. एक आयटीतली मुलगी आहे, वयाने सगळ्यांत लहान, ती दर शनिवारी अर्धा तास उशिरा येते आणि सगळ्यांच्या पुढे जाते. आणि एक काका आहेत. अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत आयुष्यभर टर्नर होते. पहिल्या दिवशी त्यांना दारात बघून आम्हाला वाटलं, बायकोला सोडायला आलेत. ते आत आले, चष्मा लावला, सुई हातात घेतली आणि पहिला प्रश्न विचारला, "जाडी किती एमएम?" शिकवणाऱ्या बाई आमच्यातल्या दोघीतिघींपेक्षा वयाने लहान, पण बाकावर बसलं की समोरच्याला आपोआप बाईच म्हटलं जातं. त्याही कुणाला नाव घेऊन हाक मारत नाहीत, सगळ्यांना 'अहो' करतात आणि चूक झाली की तेवढ्यापुरतं 'अगं' करतात.

पहिल्या दिवशी फक्त साखळी. दोरा डाव्या तर्जनीवरून घ्यायचा, सुईच्या आकडीत पकडायचा, टाक्यातून बाहेर ओढायचा. झाली एक साखळी. क्रोशा हा शब्दच मुळी फ्रेंच, अर्थ छोटी आकडी. सगळा कारभार त्या आकडीचा, त्यात अवघड ते काय! पण माझी साखळी अशी काही आवळली गेली की तिच्यात परत सुई शिरेना. बाई मागे येऊन उभ्या राहिल्या. माझं बोट दोरा गुंडाळून गुंडाळून निळं पडलं होतं.

"बोट सैल सोडा," त्या म्हणाल्या. "दोरा कुठे पळून जात नाहीये."

शाळेत आम्हाला कार्यानुभव नावाचा विषय होता. त्यात मी एक रुमाल 'केला' होता, म्हणजे आईने केला होता आणि मी तो नेऊन दिला होता. दहापैकी पाच मिळाले. आई आठवडाभर माझ्याशी धड बोलली नाही. मार्क तिचे कमी झाले होते ना.

साखळीनंतर मुका खांब. हा शब्द मला पहिल्यांदा ऐकला तेव्हाच आवडला. खांब घालताना सुईवर आधी दोऱ्याचा एक वेढा घ्यायचा, मग टाक्यात शिरायचं, दोरा ओढून आणायचा आणि सुईवरचे टाके दोन-दोन करत सोडवायचे. तो चांगला उंच उभा राहतो. मुक्या खांबाला तो पहिला वेढाच नसतो. सरळ आत जायचं, दोरा आणायचा, सुईवरचे दोन्ही टाके एकदम सोडवायचे, संपलं. तो बुटका, दाट, गप्प. मुका का म्हणत असतील? माझा अंदाज असा, की रांगेत तो आहे हे कळतसुद्धा नाही, म्हणून. आयटीवालीच्या न्यू जर्सीतल्या बहिणीने एकदा एक नमुना पाठवला, त्यावरून वर्गात चांगला गोंधळ झाला. आपला खांब अमेरिकेत 'डबल', इंग्लंडमध्ये तोच 'ट्रेबल'. आणि इंग्लंडचा 'डबल' म्हणजे आपला मुका खांब. दोन्ही जावांनी एकाच नमुन्याच्या दोन वेगवेगळ्या वस्तू करून आणल्या आणि दोघी आपापल्या जागी बरोबर होत्या. घरीही बहुधा असंच असावं.

आता माझ्या रुमालाची गोष्ट.

गोल रुमाल मधून सुरू होतो. सहा साखळ्यांची रिंग करायची आणि तिच्यात १२ खांब घालायचे. पहिल्या खेपेला मी पुढे सगळ्या ओळी १२च्याच घातल्या. चार ओळींत रुमालाच्या कडा वर उचलल्या गेल्या आणि त्याची बाहुलीची टोपी झाली. बाई म्हणाल्या, "अगं, वाढवायचे असतात." दुसऱ्या खेपेला मी मनापासून वाढवले. प्रत्येक खांबावर दोन. १२चे २४, २४चे ४८, मग ९६, मग १९२. दोन आठवडे संध्याकाळी मालिका बघत बघत हे केलं. चौथ्या ओळीपासून रुमालाला झालर यायला लागली, ती मला फार गोड वाटली. पाचवी ओळ संपली तेव्हा माझ्या मांडीवर पांढऱ्या दोऱ्याचा एक कोबी होता.

शनिवारी तो वर्गात फिरला. हसून झालं सगळ्यांचं, पण काका हसले नाहीत. त्यांनी खिशातून स्टीलची फूटपट्टी काढली. (ती त्यांच्या खिशात असतेच. त्यांच्या सुनेच्या लग्नातही असणार.) माझा एक खांब मोजला. उंची ८ मिलिमीटर, रुंदी ४. मग भज्यांच्या कागदावर त्यांनी गणित मांडलं. प्रत्येक ओळीला रुमालाची त्रिज्या ८ मिलिमीटरने वाढते, म्हणजे परीघ वाढतो २π गुणिले ८, साधारण ५० मिलिमीटर. एका खांबाला ४ मिलिमीटर जागा लागते. ५० भागिले ४, साडेबारा. म्हणून दर ओळीला १२ खांब वाढवायचे: १२, २४, ३६, ४८. मुका खांब जितका रुंद तितकाच उंच, म्हणून त्याला दर ओळीला ६ पुरतात.

"आणि वरचा अर्धा?" मी विचारलं.

"तो बाई हाताच्या सैलपणात जिरवतात," काका म्हणाले. "आम्ही त्याला टॉलरन्स म्हणायचो."

बाई तीस वर्षं १२ आणि ६ शिकवत होत्या. त्यांनी तो तेलकट कागद घडी करून पर्समध्ये ठेवला.

तेवढ्यात आयटीवालीने मोबाइल पुढे केला. माझ्या कोबीला गणितात नाव आहे! कॉर्नेल विद्यापीठात शिकवणाऱ्या दाइना ताइमिन्या नावाच्या गणितज्ञ बाईंनी १९९७ साली मुद्दाम असाच, टाके एका प्रमाणात वाढवत नेत, क्रोशा विणला होता. भूमितीत 'हायपरबोलिक' नावाचं एक असं पृष्ठ असतं की त्यावर एका रेषेला बाहेरच्या एकाच बिंदूतून कितीतरी समांतर रेषा काढता येतात. आपल्याला शाळेत शिकवली ती एकच. हे पृष्ठ विद्यार्थ्यांना दाखवायला कागदाची मॉडेल होती, ती हाताळून फाटायची. दोऱ्याचं फाटत नाही, हवं तसं वळवता येतं, घडी घालून त्यावर रेष दाखवता येते. समुद्रातली काही प्रवाळं, लेट्यूसची पानं, सगळ्यांच्या कडा याच हिशेबाने दुमडतात म्हणे. मला एकदम भरून आलं. म्हणजे मी चुकले नव्हते, माझा फक्त विषय वेगळा होता.

बाईंनी फोटो नीट पाहिला. चष्मा काढून पुन्हा पाहिला.

"छान आहे," त्या म्हणाल्या. "पण टीव्हीवर घालायला चपटाच लागतो. उसवा."

(टीव्ही आता स्वतःच चपटा होऊन भिंतीवर गेलाय, त्यावर रुमाल घालायचा कुठे, हे बाईंना सांगायची कुणाची हिंमत झाली नाही.)

उसवणं हा क्रोशातला खरा भयंकर प्रकार. दोन सुयांवरच्या विणकामात सुईवर एकदम पन्नास-साठ टाके जिवंत असतात. सुई निसटली तर घरंगळतात. क्रोशात कुठल्याही क्षणी जिवंत टाका एकच. म्हणून तर ती कल्याणवाली कुर्ल्याला गर्दी घुसली की झटकन सुई काढून सगळं पिशवीत कोंबू शकायची. पण त्याच कारणाने उसवायला कात्री लागत नाही, ब्लेड लागत नाही. सुई काढा आणि दोरा ओढा. सर्रर्र. मी हिशेब केला होता, माझ्या कोबीत ३७२ खांब होते. दोन मिनिटं लागली. मोठ्या जाऊबाई ओढत होत्या, धाकट्या गुंडाळत होत्या. दोरा नूडल्ससारखा कुरळा होऊन आला. मी खिडकीतून खालच्या रिक्षास्टँडकडे बघत राहिले. आमच्या वयाची माणसं चुकली की आधी कारण सांगतात. दोरा जाड होता, लाइट कमी होता, मालिकेत नेमकं लग्न होतं. बाई कुणाचंच कारण ऐकत नाहीत. ऐकत नाहीत म्हणजे रागावतही नाहीत. गुंडा हातात देतात आणि पुढच्या बाकाकडे जातात.

एकाच गोष्टीवर त्या चिडतात. दिवाळीआधी त्या एका प्रदर्शनात टेबल लावतात, तिथे हमखास कुणीतरी रुमाल उलटासुलटा करून म्हणतं, "एवढ्याशाचे अडीचशे? मशीनचे शंभरला मिळतात." स्वेटर मशीनवर निघतो. हातमोजे, पायमोजे निघतात. मोज्याचं मशीन तर १५८९पासून आहे. पण खरा क्रोशा विणणारं मशीन बाजारात नाही. क्रोशासारखं दिसणारं कापड निघतं, त्याची वीण निराळी. जगात कुठेही क्रोशाचा खरा रुमाल दिसला, की तो कुणीतरी बसून, एकेक टाका मोजून केलेला असतो. बाई हे गिऱ्हाइकाला सांगायला जातात आणि गिऱ्हाईक दोनशेला मागतं.

मागच्या गुरुवारी मी दादरला दोरा आणायला निघाले. दुपारची गाडी, बऱ्यापैकी रिकामी, खिडकी मिळाली. पिशवीतून रुमाल काढला. हा तिसरा. सातवी ओळ चालू होती, ८४ खांब, मागच्या ओळीच्या दर सहाव्या खांबावर एक वाढवायचा. बाहेर पाऊस होता, काचा खाली ओढलेल्या. ठाण्याला एक मुलगी चढली, ओली छत्री सांभाळत माझ्यासमोर उभी राहिली. मी चौसष्टावर होते. पासष्ट, सहासष्ट.

"काकू, मुलुंड गेलं का?"

सदुसष्ट. मी सुई वर उचलली.