गिअरची नको, शॉकअपची नको, मापाची घ्या

सोसायटीत बऱ्याच जणींनी विचारलं की तुम्ही घरच्यांसाठी सायकली कुठल्या घेतल्या आणि केवढ्याला पडल्या, आणि लिफ्टपाशी उभं राहून दरवेळी अर्धवटच सांगून होतं, म्हणून एकदाचं सगळं लिहून काढते.

आधी हे ठरवा की सायकल पाहिजे कशाला. आमचं सरळ होतं, रविवारी सकाळी गंगापूर रोडने सोमेश्वरपर्यंत जायचं, कधी गोदापार्क, मुलं दमली नसतील तर अजून थोडं पुढे, येताना मिसळ खायची आणि घरी. आता नाशकात सायकलचा विषय निघाला की गाडी लगेच भारी सायकलींवर जाते, आणि त्याला कारणही आहे म्हणा, आपल्याच डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये रेस अॅक्रॉस अमेरिका ही सायकल शर्यत पूर्ण केली, जवळजवळ ४८०० किलोमीटर! खरंच अभिमान वाटतो. पण त्यांची गरज वेगळी आणि पोराबाळांना घेऊन रमतगमत जाणाऱ्या आपली वेगळी.

दुकानात गेलं की सगळ्यात पुढे काय मांडलेलं असतं बघा, जाडजूड टायर, पुढे शॉकअप, मागे शॉकअप, दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक, २१ गिअर, आणि किंमत आठ-दहा हजार. मुलांची नजर तिथेच खिळते (आमच्या अहोंचीसुद्धा). पण जरा विचार करा, एवढ्या पैशात एवढं सगळं द्यायचं म्हणजे प्रत्येक गोष्ट हलक्या प्रतीची टाकावी लागणारच ना. त्या किमतीतला शॉकअप म्हणजे नुसती स्प्रिंग असते, तुम्ही पायडल मारलं की ती दबते आणि पायातला जोर सायकल पुढे न्यायच्या ऐवजी स्प्रिंग दाबण्यात जातो. वर वजन १७-१८ किलो. दहा वर्षांच्या पोरीने ती जिन्यावरून उतरवायची कशी? डिस्क ब्रेकची चकती स्टँडला धक्का लागून थोडी जरी वाकली तरी खर्र खर्र घासत राहते आणि ती सरळ करणं कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्या काकांचं काम नाही. साधे रबरी ब्रेक मात्र कुणीही नीट करून देतं, रबर झिजलं की थोडक्या पैशात नवीन बसतं, आणि आपल्या स्पीडला ते पुरेसे आहेत.

गिअरचं म्हणाल तर, सोमेश्वरच्या पुढचं गंगापूर धरण वरच्या अंगाला असल्यामुळे तिकडे जाताना एकंदरीत चढ लागतो हे खरंय. नेहमी धरणापर्यंत जाणार असाल तर फक्त मागचे सात गिअर असलेली घ्या, पायडलपाशी असतात त्या पुढच्या तीन दातेरी चकत्यांची काहीही गरज नाही. सोमेश्वरपर्यंतच जायचं असेल तर बिनगिअरची मस्त चालते. आम्ही घरात सगळ्यांनाच बिनगिअरच्या घेतल्या, लोखंडी फ्रेम, साधा फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा), मडगार्ड, कॅरिअर, स्टँड आणि चेनकव्हर. अशा सायकली साधारण पाच ते आठ हजारांत बसतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झालाय, तेव्हा बिलावर किती टक्के लावलाय तेही बघून घ्या. आणि बायकांनो, चेनकव्हर सोडू नका, ओढणी किंवा सलवारचा पायचा चेनमध्ये अडकला की माणूस रस्त्यावर पडतं. सासूबाईंसाठी मधला दांडा खाली असलेली लेडीज सायकल घेतली, त्या पाय वर न टाकता चढतात-उतरतात आणि तेवढ्यानेच त्यांची निम्मी भीती गेली.

आता सगळ्यात महत्त्वाचं, माप. शाळेचा गणवेश आपण वाढत्या अंगाचा घेतो, पण सायकल तशी अजिबात घेऊ नका. मुलाचे पाय जमिनीला टेकत नसतील तर ब्रेक मारल्यावर ते कलंडणारच, आणि एकदा मनात धास्ती बसली की सायकल गच्चीत पडून राहते. वयावरून माप सांगणाऱ्या दुकानदाराचं ऐकू नका, एकाच वर्गातल्या दोन मुलांच्या उंचीत वीतभर फरक असतो. घरीच बघायचं, मुलाला भिंतीला टेकून अनवाणी उभं करा, दोन पायांच्या मध्ये वही वरपर्यंत घट्ट धरा आणि वहीच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत टेपने मोजा. दुकानात सायकलच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून जमिनीवर उभं राहिल्यावर दांडा या मापापेक्षा दोन इंच तरी खाली पाहिजे. लहान मुलांचे सीटवर बसून दोन्ही पायांचे चवडे टेकले पाहिजेत. आमच्या लेकीला २४ इंची चाक दाखवत होते, "दोन वर्षं जास्त चालेल ताई" म्हणून, मी २०चीच घेतली आणि ती पहिल्याच दिवशी एका हाताने घंटी वाजवत फिरत होती. मोठ्यांचं उलट असतं, ते सीट फार खाली ठेवतात आणि मग गुडघे दुखतात म्हणून तक्रार करतात. पायडल खाली असताना त्यावर टाच ठेवली की पाय सरळ झाला पाहिजे, तेवढी सीट वर घ्या. फक्त सीटच्या नळीवर एक खूण असते, ती बाहेर दिसेल इतकी वर काढायची नाही.

ऑनलाइन थोडी स्वस्त मिळते पण ती खोक्यात अर्धवट जोडलेली येते, हँडल, पायडल, पुढचं चाक आपण लावायचं. एक सांगून ठेवते, डाव्या पायडलचा आटा उलटा असतो. नेहमीसारखा जोर लावून फिरवला की आटे जातात आणि अख्खा क्रँक, म्हणजे पायडल ज्याला लागतं तो दांडा, बदलावा लागतो. त्यापेक्षा घराजवळच्या, ज्याच्याकडे स्वतःचा कारागीर आहे अशा दुकानातून घ्या.

आणि पैसे द्यायच्या आधी हे करूनच बघा. चाक उचलून फिरवा आणि ब्रेकच्या रबराकडे बघत राहा, रिम आणि रबरातली फट एकसारखी राहिली तर चाक सरळ, कमी-जास्त होत असेल तर चाक आउट आहे, तिथल्या तिथे सरळ करून घ्या. मग पुढचं चाक दोन गुडघ्यांत पकडून हँडल पिळा, ते एकटं फिरता कामा नये. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवा, हँडलपाशी खट्ट वाजलं तर बेअरिंग ढिलं आहे.

मुलांसाठी जुनी सायकल मिळाली तर बिनधास्त घ्या, दोन-तीन वर्षांत ती त्यांना लहानच होते. जोडाच्या जागी तडा नाही ना आणि रिम गंजलेली नाही ना एवढं बघा, टायर-ट्यूब नवे टाकता येतात.

वाचलेल्या पैशातून हेल्मेट, मागचा लाल दिवा आणि उभा हवेचा पंप घ्या. किती हवा भरायची ते टायरच्या कडेलाच छापलेलं असतं. कमी हवेत सायकल जड लागते, ट्यूब खड्ड्यात चिमटते आणि आपल्याला वाटतं सायकलच खराब. महिनाभराने ब्रेकच्या तारा आणि नटबोल्ट थोडे ढिले होतात, तेव्हा पहिली सर्व्हिस चुकवू नका, बहुतेक दुकानदार ती फुकट करून देतात.