नळीला बोट लावलं की...

रोममध्ये पाणी विकत घेऊ नका, खरंच. रस्तोरस्ती ‘नासोनी’ आहेत, म्हणजे मोठ्या नाकाचे! बिडाचे ठेंगणे खांब, खाली वळलेली नळी, अखंड वाहणारं पाणी. १८७४ पासूनची ही सोय.

मी ओंजळ धरून वाकले, तर अर्धं पाणी कोपरावरून ओघळलं. मागे उभ्या आजी पुढे आल्या, नळीचं तोंड बोटाने दाबलं, आणि वरच्या बारीक भोकातून गार धार थेट ओठांशी उडाली. पोटभर प्यायले. शहराचं बरंचसं पाणी पेस्किएराच्या झऱ्यांमधून येतं.

‘नॉन पोताबिले’ अशी पाटी असेल तिथे मात्र पिऊ नका. बाटली भरताना ती नळीला टेकवू नका, मागे कोणीतरी तहानलेलं असतंच.