काळी चारवरून पांढरी चारवर

१९८० नंतरच्या दशकात मी रत्नागिरी आकाशवाणीवर गायचे. शब्द माझे, चालही माझी. पुढे एक कॅसेट निघाली. मग संसार, शाळेतली नोकरी, सासूबाईंचं आजारपण. गाणं देवघरापुरतं उरलं. यंदा कुडाळच्या एका छोट्या स्टुडिओत त्यातलंच एक गाणं पुन्हा रेकॉर्ड केलं. मालवण-वेंगुर्ल्याकडे वहीत गाणी जपून ठेवलेल्या, पण 'आता या वयात कुठे' म्हणत थांबलेल्या बायका मी ओळखते. हे त्यांच्यासाठी.

सगळ्यात आधी पट्टी, म्हणजे पेटीच्या कुठल्या सुराला आपला 'सा' धरायचा ते. तेव्हा मी काळी चारमध्ये गायचे. पाळी गेल्यावर बायकांच्या स्वरतंतूंत बदल होतो, आवाज खाली उतरतो, वरचे सूर आधी सुटतात, दमही आखूड होतो. हा आजार नव्हे. तरी जुन्याच पट्टीत तारषड्ज (वरचा 'सा') ओढायला जाऊन गळे दुखवून घेतलेल्या मैत्रिणी मी पाहिल्यात, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं. मी पेटी घेऊन उतरत गेले: पांढरी पाच, काळी तीन, पांढरी चार. तिथे अंतरा सुखाने आला. शिवाय मुखड्यातला मंद्र पंचम (खालचा 'प'), जिथे पूर्वी नुसती हवा लागायची, तो आता भरीव लागतो. पहाटे खर्ज (अगदी खालच्या सुरांचा रियाझ), आणि दिवसातून थोडा वेळ पेल्यातल्या पाण्यात नळी धरून हुंकार. त्याने गळ्यावर ताण न येता आवाज मोकळा होतो.

जुनी चाल नीट आठवावी म्हणून कॅसेट काढली तर फितीवर पांढरी बुरशी. आपल्याकडच्या पावसाळ्यात कॅसेटी अशाच जातात. बुरशी आलेली कॅसेट लगेच वाजवू नका, फीत तुटते आणि टेपच्या हेडलाही घाण लागते. जाणत्याकडून साफ करून घ्या आणि ताबडतोब कॉम्प्युटरवर उतरवून घ्या.

रेकॉर्डिंग दसऱ्यानंतर ठेवलं. दमट हवेत तबल्याच्या पुडीचा (वरच्या कातड्याचा) सूर उतरत राहतो, आणि पत्र्यावरचा पाऊस माइक सोडत नाही. माइक इतका कान देऊन ऐकतो की पंखा बंद, काचेचा चुडा काढून ठेवलेला, कडक इस्त्रीच्या साडीऐवजी मऊ सुती. पूर्वी सगळे वादक एका खोलीत बसायचे. शेवटच्या ओळीला कुणी चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. आता तुकड्यातुकड्यांत गाता येतं. मी मात्र मुखडा आणि अंतरा सलगच गायले, कारण दम कुठे घ्यायचा हे सलग गाताना आपोआप ठरतं.

अडलं ते क्लिकला. लय धरायला हेडफोनमध्ये टक्‌टक्‌ चालू असते, तीच क्लिक, आणि तिच्यावर गायचं. माझी चाल जात्यावरच्या ओवीतून आलेली. ती ओळीच्या शेवटी रेंगाळते, मग पुढची ओळ उचलते. क्लिकवर ती आखडली. शेवटी क्लिक बंद करून नुसत्या तानपुऱ्यावर गायले, एका कानावरचा हेडफोन बाजूला सारून. तबलेवाल्याने मागाहून माझ्या आवाजाबरोबर ठेका धरला. त्याला कष्ट पडले, पण गाणं जिवंत राहिलं. ओवीच्या वळणाचं गाणं असेल तर हाच आग्रह धरा.

स्टुडिओतला मुलगा मनाने मोठा. "काकी, घाबरू नको. चुकला तर परत घेवया," असं दर वेळी म्हणायचा. एकदाच आमचं पटलं नाही. त्याने सॉफ्टवेअरने कोमल निषादावरची मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर अलगद घसरणं) ओढून सरळ केली होती. ऐकताना ते गाणं माझं वाटेना. मी म्हटलं, "झिला, ता सरळ करू नको, तसाच रवांदे." त्याने दोन्ही ऐकून पाहिलं आणि स्वतःहून पूर्ववत केलं. सूर खरंच चुकला असेल तर पुन्हा गावं. मींडेला हात लावू देऊ नये.

कागदपत्रांना कंटाळू नका. जुन्या कॅसेटच्या ध्वनिमुद्रणाचा हक्क ती काढणाऱ्याकडे, पण शब्द आणि चाल मी कुणाला लिहून दिली नव्हती, म्हणून नव्याने गाता आलं. तुमचा जुना करार असेल तर तो आधी वाचा. कॉपीराइट कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा कंपनीला लिहून देता येत नाही. तो फक्त वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीलाच देता येतो. गाणं ऑनलाइन चढवताना त्याला बारा अक्षर-अंकांचा आयएसआरसी क्रमांक (त्या ध्वनिमुद्रणाची ओळख) मिळतो, तो वहीत उतरवून ठेवा. गीत, संगीत, गायन या तिन्ही रकान्यांत आपलंच नाव भरा. घरचे म्हणतात, एकदाच लिही, शोभत नाही. शोभतं. तिन्ही कामं आपण केलीत. गीतकार-संगीतकारांची आयपीआरएस ही संस्था १९६९ पासून आहे; तिच्या सभासदत्वाचा अर्ज मी भरलाय.

पुढचं गाणं फुगडीच्या अंगाचं आहे आणि त्याला घुमट (मडक्यावर कातडं ताणलेलं वाद्य) हवा. सावंतवाडीकडे वाजवणारे आहेत असं कळलंय, येत्या आठवड्यात जाऊन भेटणार आहे.