प्रोबेशन संपलं एकदाचं

"उद्यापासून पर्मनंट," एवढंच बोलून सुपरवायझर साहेब पुढच्या गाडीकडे वळले. पेढे-बिढे दूरच!

पहिल्या आठवड्यात मी पार्सलं हाताला येतील तशी कोंबायचो, मग प्रत्येक दारापुढे अर्धी गाडी उपसायची. शेवटचा स्टॉप आत, पहिला दाराशी, हे एका जुन्या ड्रायव्हरकाकांनी शिकवलं. खोक्यावर मार्करने स्टॉपचा नंबर ठळक लिहायचा, हाही त्यांचाच धडा. स्कॅनर, फोटो, ओटीपी हे जमून गेलं. रिव्हर्स घेताना मात्र अजून पोटात गोळा येतो. एकदा तर हँडब्रेक न ओढताच उतरलो, गाडी वीतभर सरकली. कुणी पाहिलं नाही (बहुतेक).

आज सकाळी साहेब पुन्हा आले. "आता पर्मनंट ना? सोळा स्टॉप वाढवलेत."